मंदारच्या अर्धवट गाडीखाली

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कराडजवळच्या आमच्या गावात ओढ्याकडच्या वाटेने तिन्हीसांजेला बायका एकट्या जायच्या नाहीत, मी मात्र सरपणाची मोळी घेऊन खुशाल यायचे. सासूबाई म्हणायच्या, "हिला भूत भेटलं तर भूतच कंटाळून जाईल, ही बोलतेय कुठं?" तेही खरंच. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. शाळा चौथीत सुटली, वाचायची आवड तेवढी राहिली. हे घरात कोणालाच सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. नावं बदलली आहेत.

माझा मुलगा मंदार जर्मनीत ब्राउनश्वाइगला असतो. मेकॅनिकल इंजिनियर आहे, गाड्यांचंच काम करतो. सून स्नेहल आणि नात रेवा. त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि घरामागे गॅरेजची रांग. गेल्या उन्हाळ्यात मी तीन महिन्यांसाठी गेले, तेव्हा मंदार एका गाडीच्या नादात होता. किट कार म्हणतात तिला. सुटे भाग पेट्यांतून येतात आणि माणूस ती घरीच जोडतो. ही मूळची इंग्लंडची, म्हणून स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. फायबरची बॉडी, दारं नाहीत, आत एकच सीट, आणि बाकी सगळं खोक्यांत.

ती विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी मीही गेले होते. त्यांचे मिस्टर वारले होते. गाडी ट्रेलरवर चढवत असताना त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. मी आपली "जा, जा", म्हणजे त्यांच्या भाषेत हो हो, करत मान हलवत होते. गाडीत बसल्यावर मंदारला विचारलं, काय म्हणत होत्या रे?

"काही नाही गं. नवऱ्याचा जीव होता म्हणे गाडीत. त्यानेही अशीच अर्धवट घेतली होती कोणाकडून तरी."

स्नेहल मागून म्हणाली, "म्हणजे आता आपल्याकडून पण कोणीतरी अर्धवटच नेणार."

आम्ही हसलो.

पहिला प्रसंग रविवारचा. तिकडे रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही, आवाज झाला की शेजारी लगेच दारात. त्यामुळे मंदार त्या दिवशी गॅरेजमध्ये कामाला जात नसे. कांदे-बटाटे आम्ही तिथेच एका कोपऱ्यात ठेवायचो. जेवणाआधी मी चार कांदे आणायला खाली गेले. भर दुपार होती, लख्ख ऊन. दार उघडलं आणि गाडीखालून पुरुषाचा आवाज आला—

"नोख निश्ट."

हळू, पण स्पष्ट. घागरीत तोंड घालून बोलावं तसा. गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उचलून ठेवली होती, मला वाटलं मंदारच खाली शिरलाय. मी म्हटलं, "आज रविवार ना रे? चल, पानं घेतलीत."

"नोख निश्ट."

मी वाकून बघितलं. खाली कोणी नव्हतं. मोकळी फरशी आणि पलीकडची भिंत.

कांदे तिथेच टाकून मी वर आले. मंदार टेबलावर ताटं मांडत होता.

त्या दिवसापर्यंत मला जर्मन चारच शब्द येत होते— हालो, डांके, च्युस आणि जा. म्हणून जेवताना रेवाला विचारलं, "नोख निश्ट म्हणजे काय गं?" ती आधी जर्मनमध्येच काहीतरी बोलली, मग आईने डोळे वटारल्यावर म्हणाली, "अजून नाही, आजी."

"अगं, ही दिवसभर तेच म्हणते," मंदार हसला. "दात घासलेस? नोख निश्ट. अभ्यास केलास? नोख निश्ट. तेच बसलंय तुझ्या कानात."

असेल, म्हटलं. मनाची समजूत घातली. पण रेवाचा आवाज मला ओळखता येत नाही का?

त्यानंतर मी एकटी खाली गेले नाही. कांदे संपले की मंदारला सांगायचे, आणि तो वर येईपर्यंत जिन्याकडे कान लावून बसायचे.

मग तो शनिवार. स्नेहल रेवाला पोहायला घेऊन गेली होती. मंदार म्हणाला, "आई, पाच मिनिटं बॅटरी धरतेस? गिअरबॉक्सचे दोन बोल्ट राहिलेत." नाही कसं म्हणणार? गेले. दार सताड उघडं, बाहेर शेजारचा माणूस झुडपं कापत होता. आमच्या कुकरच्या शिट्टीबद्दल दारावर चिठ्ठी चिकटवणारा तोच.

मंदार चाकांच्या फळीवर उताणा झोपला, बॅटरी माझ्या हातात दिली आणि फळी सरकवू लागला. त्याचं डोकं गाडीखाली गेलं, छाती जाणार, एवढ्यात पुन्हा तोच आवाज. "नोख निश्ट." मंदारच्या अगदी तोंडाजवळून. आणि मंदारला ऐकूच आला नाही! तो शीळ घालत होता.

मी जन्मात मुलावर आवाज चढवलेला नाही. त्या वेळी काय झालं सांगता येत नाही, मी बॅटरी टाकली, त्याचे दोन्ही पाय धरले आणि फळीसकट बाहेर ओढला.

"आई! अगं लागलं मला! काय चाललंय तुझं?"

"नको जाऊस. आत्ता नको."

"का पण?"

मी नुसती रडायला लागले. तो वैतागला, पण उठला. फळी पायाने गाडीखाली ढकलली आणि म्हणाला, "चल वर. चहा घे आधी, मग बघू. बीपीची गोळी घेतलीस का आज?"

चहा होईपर्यंत तो काहीबाही विनोद करत राहिला. कप विसळून तो खाली गेला, मी मागोमाग. दारातच थांबला.

गाडी जमिनीवर होती. फळीचा चुरा झाला होता. चारही घोड्या पडल्या नव्हत्या की वाकल्या नव्हत्या. गाडीच्या एका बाजूला, भिंतीला लागून, शेजारी शेजारी उभ्या होत्या.

मंदारने शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणे इथून हललोच नाही, आत कोणी गेलं नाही आणि आवाजही काही झाला नाही. कुकरची शिट्टी खपत नाही त्या माणसाला!

संध्याकाळी मंदारने स्नेहलला सांगितलं, फरशीला उतार होता, घोडी सरकली. ती त्याच्यावर खूप ओरडली. नंतर मी भांडी पुसत होते तिथे तो आला आणि हळूच म्हणाला, "उतार नाहीये आई. मी लेव्हल लावून बघितली."

मग मीही त्याला त्या आवाजाचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या बाईंकडे गेलो. गाडी परत घ्या, पैसे नकोत, असं म्हणायला. बाईंनी दारातूनच मान हलवली. घरात घ्यायलाही तयार नव्हत्या. मी मंदारला म्हटलं, विचार त्यांना, तुमच्या मिस्टरांचा आवाज आहे का तो? त्याने विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू बोलल्या. या वेळी मंदारने सगळं सांगितलं.

"त्या म्हणतायत, तो आवाज मिस्टरांचा नाही. त्यांनाही ऐकू यायचा, शेवटी शेवटी. गॅरेजमधून वर यायचे आणि ह्यांना विचारायचे, तू काही म्हणालीस का? दिवसातून चार-चार वेळा. ह्या म्हणायच्या, मी कशाला काही म्हणू?"

"मग?"

"मग एक दिवस वर आलेच नाहीत."

परतताना तो म्हणाला, "स्नेहलला यातलं काही सांगू नकोस. घाबरेल. मी विकून टाकतो गाडी." मी त्याच्याकडून रेवाची शपथ घेतली, गाडीखाली जाणार नाही म्हणून. माझी मुदत संपली, मी कराडला आले.

गाडी अजून विकली गेलेली नाही. गिऱ्हाईक मिळत नाही म्हणतो. खाली जातो का विचारलं, तर म्हणतो, नुसतं गाडीवरचं झाकण काढून बघतो, हात लावत नाही.

परवा स्नेहलचा फोन आला होता. हसत हसत सांगत होती, "अहो आई, तुमच्या मुलाचे कान तपासायला हवेत. सारखा खालून वर येतो आणि विचारतो, तू काही म्हणालीस का? मी इथे पोळ्या लाटतेय!"

मी विचारलं,

"तू काय सांगतेस मग?"

"काय सांगणार? नाही म्हणते."

मी म्हटलं, "नाही म्हणू नकोस. पुढच्या वेळी विचारलं की 'हो, मीच हाक मारली' असं सांग. आणि परत खाली जाऊ देऊ नकोस. काहीतरी काम सांग, भांड, पण थांबव. का ते मला विचारू नकोस."

ती "बरं" म्हणाली.

तो आवाज कोणाचा, गाडी खाली कोणी उतरवली, मंदारला वाचव असं मला सांगत होता की कसली वाट बघतोय... मला आजही काही सांगता येत नाही. इथे कोणाला असं काही ठाऊक असेल तर कृपा करून लिहा. मंदार माझा एकुलता एक आहे.