केळुसकर सरांचा मुका सिनेमा

शेवटची भेट झाली तेव्हा केळुसकर सर उशीला टेकून टीव्हीवरच्या बातम्या बघत होते, आवाज बंद करून. सरांच्या पत्नी, आमच्या काकी, चहा घेऊन आल्या आणि त्यांची तक्रार सुरू. "बघ गो सुलभा, आवाज बंद करून बातम्यो बघतत. माका काय कळतला?" सर गालात हसले. "आधी बघूया. मग बातम्यावालो काय सांगता ता ऐकूया." पंधरा दिवसांनी मी शिकवते त्या कसालच्या शाळेत निरोप आला… सर गेले. तास अर्धा टाकून मी मालवणची एस.टी. पकडली.

आमचे हे इतिहासाचे मास्तर म्हणजे वल्लीच! बंद पडलेल्या तंबू-टॉकीजचा प्रोजेक्टर त्यांनी कुठूनसा पैदा केला होता. सोबत दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथल्या लोकांत जोश भरायला काढलेल्या प्रचारपटांची चार रिळं. शनिवारी वर्गाच्या खिडक्यांना जुन्या छत्र्यांच्या कापडाचे काळे पडदे लागायचे. शिवणकाम अर्थात काकींचं. रीळ आधी मुकं चालायचं. दिसेल ते वहीत लिहायचं. मग तेच रीळ आवाजासकट, आणि आपलं मत कुठे फिरलं ते शोधायचं. मुख्याध्यापकांना ही सगळी थेरं वाटायची. आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शिक्षण खात्याचे नवे साहेब तपासणीला आले तेव्हा मुख्याध्यापकांनी सरांना बजावलं, साहेबांना पटलं नाही तर आजपासून सिनेमा बंद.

मी नववीत होते. तारकर्लीच्या रापणकाराची पोर, किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्यांच्या घरातली; पुस्तकी मराठी जिभेवर चढेना, म्हणून वर्गात गप्प बसायची. शनिवारचा तो एकच तास मला आपला वाटायचा, आणि आता तोही जायची वेळ आली होती. तपासणीच्या दिवशी पडद्यावरच्या काळपट चित्रात होड्या किनाऱ्याला लागत होत्या, सैनिक उड्या टाकत होते, निशाणं फडफडत होती. दुसऱ्या खेपेला आवाज गरजला, ही आपल्या वीरांची पहाटेची चढाई! साहेबांनी विचारलं, "यातून काय शिकलात?" सगळ्यांनी वहीत डोकी घातली. सरांचा उतरलेला चेहरा बघवेना. मी उभी राहिले खरी, पण पुस्तकी मराठीत पहिल्याच शब्दाला अडखळले.

"तुझ्या भाषेत सांग गो," सर म्हणाले.

"सर, निशाणां जमनीकडे उडतत. पाटेचो वारो जमनीवरसून दर्यार जाता. दर्यावयलो वारो सुटता दुपारी. ह्यां पाटेचां नाय."

साहेब घाटावरचे, त्यांना वाऱ्याचं काय ठाऊक! पण ते म्हणाले, "पुन्हा लावा." सर पडद्याला नाक लावून उभे राहिले. मग वळून म्हणाले, "लढाई खोटी असं नव्हे, मुलांनो. माणसं मेली असतील. हे चित्र मात्र मागाहून, सवडीने काढलेलं दिसतंय." साहेबांनी तास चालू ठेवायला सांगितला. मी शिक्षिका झाले ती त्याच दिवशी, डी.एड. हा नुसता सोपस्कार.

तेराव्यानंतर काकींनी पडद्यांचं गाठोडं आणि सरांची वही माझ्या हातात ठेवली. आता ते पडदे कसालच्या वर्गात लागतात. एका ठिकाणी काकींचा टाका उसवलाय, तिथून उन्हाची तिरीप येते. येऊ दे. वहीत प्रत्येक रिळाला एक पान आहे. त्या रिळाच्या पानावर सरांनी कधीकाळी लिहिलं होतं, 'पहाटेची चढाई'. त्यावर काट मारलीय आणि खाली वेगळ्या शाईत लिहिलंय… 'वारा दुपारचा. इतकी वर्षं शिकवलं, मला दिसलं नाही. सुलभाने दाखवलं.'