उतार नाही

हुस्नाबीनं लेकरं बुडवायला काढली होती, असं दिग्रसच्या बाजारात अजूनही कोणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याच्या तोंडावर मी बोलते, आणि जरा जास्तच बोलते. त्या दिवशी नदीवर नऊ कुटुंबं होती, त्यांतलं एक आमचं होतं. ज्यांनी काही पाहिलं नाही त्यांचीच जीभ सगळ्यांत जास्त चालते. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हुस्नाबी बांगड्या विकायची. तिचा नवरा अब्दुल गनी बाजारात दुकानावर बसायचा आणि ही डोक्यावर टोपली घेऊन पैनगंगेच्या खोऱ्यातली गावं पालथी घालायची. नदीच्या अलीकडे आपला वऱ्हाड, पलीकडे तेव्हाची मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. मधे निजामाचा करोडगिरी नाका, मालावर जकात घेणारा. हुस्नाबी त्या नाक्यावरून कधी गेलीच नाही. नदीत कुठं गुडघाभर पाणी असतं, माहूरच्या डोंगरावर कुठली पायवाट चढते, हे सारं तिला त्या चुकवाचुकवीतून पाठ झालं होतं. पुढं निजाम गेला, नाका उठला, छप्पन साली दोन्हीकडचे लोक एकाच राज्यात आले. चोरवाटांची गरज संपली.

मग कोणा बाईनं तिला विचारलं, की माहूरचा जुना किल्ला पाहायचा आहे, लेकरं सोबत आहेत, येशील का. ती गेली. तेव्हापासून दरवर्षी दिवाळी झाली की दिग्रसची चार-दोन बिऱ्हाडं तिच्यामागं निघायची. नदीकाठच्या गावापर्यंत मोटार, तिथून खोऱ्यातून पायी, नदी ओलांडून डोंगर चढायचा, किल्ला आणि मंदिरं पाहायची, माहुरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. तिची रीत एकच होती. चालू शकणारं सगळ्यांत लहान लेकरू पुढं आणि बाकीचे त्याच्या मागं. लेकरू मुंग्यांची रांग पाहत बसलं तर सगळ्यांनी थांबायचं. एखादा बाप्या लांब ढांगा टाकत पुढं गेला की ही कमरेवर हात ठेवून ओरडायची, “ओ दादा, लढाईवर चाल्ले काय? किल्ला काई पळून नाई जात! लेकराच्या पायानं चाला!”

बापे चिडायचे, पण मागं यायचे. पाच वर्षांत तिच्यासोबत गेलेलं एकही लेकरू पडलं नव्हतं की चुकलं नव्हतं. बांगड्या सगळेच विकतात, असं ती म्हणायची, पण दिग्रसच्या आया आपली लेकरं तिच्या भरवशावर डोंगरात पाठवतात, याचा तिला फार अभिमान होता.

एकसष्ट साली भीमराजच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या, कचेरीत नवे साहेब आले. पुण्याकडचे. त्यांना गड-डोंगरांचं वेड. आल्या आल्या त्यांनी ठरवलं, की कचेरीतल्या सगळ्यांनी सहकुटुंब माहूरला पायी जायचं. साहेब माणूस वाईट नव्हते, आणि इथंच सगळं नडलं. आम्ही सत्तावन साली बौद्ध झालो. या साहेबांच्या आधीच्यांनी भीमराजला कधी बस म्हटलं नव्हतं. यांनी पहिल्याच दिवशी समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि आमच्या डब्यातली भाकरी मागून खाल्ली. भीमराज तेव्हा कारकून होता, पण कायम झालेला नव्हता. साहेबांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी यानं आधी धोतर खोचलं असतं.

निघालो तेव्हा सगळ्यांत लहान आमची गौतमी होती, तीन वर्षांची. म्हणून ती पुढं. तिच्या मागं आम्ही सगळे, आणि साहेबांचा जीव त्या चालीनं नुसता कासावीस. हातात नकाशाची गुंडाळी. दर दहा पावलांवर हुस्नाबीला विचारायचे, “पुढे चढ आहे की उतार? उतारावर मुलांचे गुडघे जातात हो.” ती म्हणायची, “चाला नं साहेब, पाहू.”

दोन दिवसांआधी वर वाशीमकडं अवकाळी पाऊस झाला होता. म्हणून एका टेकाडाशी हुस्नाबीनं आम्हाला उंबराखाली बसवलं आणि नदी बघायला एकटीच पुढं गेली. तिथून दोन वाटा फुटत होत्या. एक सरळ नदीकडं आणि दुसरी वळसा घालून वरच्या गावाकडं, जिथं डोमाजी भोयाचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, असायचा. थोड्या वेळानं खालून तिची खणखणीत हाक आली.

“उतार नाई हो! उतार नाई!”

आता आमच्याकडं नदीतून जिथं पायी पार होता येतं त्या जागेला उतार म्हणतात. उतार आहे म्हणजे खुशाल जा. उतार नाही म्हणजे पाण्यात पाय घालू नका. हे इथल्या शेळीमागच्या पोरीलाही कळतं. साहेब मात्र टाळी वाजवून उठले.

“ऐकलंत? उतार नाही! सपाट वाट आहे. चला, चला.”

मी भीमराजला कोपरानं ढोसलं. “अहो, ते पाणी हाय म्हणून सांगून राह्यली.”

“साहेबायले मालूम असन,” तो हळूच म्हणाला. “नकाशा हाय त्यायच्यापाशी.”

मी बाकीच्यांकडं पाहिलं. निजामुद्दीन शिपाई याच खोऱ्यातला, तो चपलेतला खडा काढत बसला. दुसऱ्या एका कारकुनाची बायको धुरपताबाई, तिनं पदर तोंडाशी नेला. साहेब सोडून आठ घरची शहाणीसुरती माणसं, सगळ्यांना तो शब्द कळला होता, आणि सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. मीसुद्धा धरली. साहेबांच्या मनात दुसरं काही असेल, आपण मधे बोललो तर आपलंच हसं होईल, असं प्रत्येकाला वाटलं. नाही वाटलं ते एकट्या गौतमीला. ती उंबराखाली फतकल मारून बसली, तेव्हा भीमराजनं तिला उचलून खांद्यावर घेतलं.

काठावर हुस्नाबी नव्हती. ती काठाकाठानं डोंगा आणायला वर गेली होती, आम्ही उंबराखालीच बसलोय या भरवशावर. पाणी गढूळ होतं. गाडीवाट पाण्यात शिरलेली दिसत होती. साहेब म्हणाले, बैलगाडी जाते म्हणजे गुडघाभर असणार. स्वतःच्या मुलीला पाठीवर घेऊन ते शिरलेसुद्धा. विजयमालाबाई, त्यांची बायको, काठावर थांबून नको नको म्हणत होती. साहेबांनी वळून हाक मारली, “या भीमराज, तुम्ही या! बाकीचे तुमच्या मागून येतील.”

आणि तो गेला.

पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. साहेब उंच होते, पाय रोवून उभे राहिले. भीमराजचा पाय शेवाळलेल्या दगडावरून निसटला. तो खाली गेला, वर आला, आणि खांद्यावर गौतमी नव्हती. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. लाल झबलं पाण्यावर एकदा दिसलं, मग पुढं दिसलं, डोहाच्या तोंडाशी. तेवढ्यात वरून डोमाजीचा डोंगा आला. हुस्नाबीनं अर्धं अंग बाहेर टाकलं आणि झबल्याला धरून पोरीला आत ओढलं. डोंग्याच्या काठावर हात आपटून तिच्या मनगटावरच्या बांगड्या फुटल्या, काचा मांसात गेल्या. पोरगी आधी खोकली, मग रडली. तेवढं ऐकलं आणि मी चिखलात खाली बसले.

हुस्नाबी काठावर उतरली ती थेट साहेबांपुढं. हातातून रक्त गळत होतं.

“कानात बोळे घातले होते काय? काहून शिरले पाण्यात?”

“तुम्हीच ओरडून सांगितलंत ना, उतार नाही म्हणून!”

“हो, म्हटलं नं! उतार नाई म्हटलं!”

“मग? उतार नाही म्हणूनच तर आम्ही आलो!”

“अरे बाप्पा! उतार नाई म्हटल्यावर कोनी येते काय?”

ते दोघं तेच दोन शब्द एकमेकांवर फेकत राहिले आणि मागून कोणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी दोघं हसले. सगळ्यांच्या जिवात नुकताच जीव आला होता, म्हणून ते हसू. पण साहेबांचा चेहरा पडला. त्यांना तेव्हा कळलं असावं, की शब्द आम्हा सगळ्यांना माहीत होता. माहूर राहिलं. आम्ही तसेच ओल्या कपड्यांनी माघारी फिरलो.

गोष्ट यवतमाळपर्यंत गेली आणि वरून विचारणा आली. साहेबांनी जबाब लिहिला, की वाटाड्या बाईनं वाट सपाट आणि निर्धोक असल्याचं ओरडून सांगितलं, सबब जबाबदारी तिची. खाली आठ जणांच्या सह्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. एक सही भीमराजची होती. जिच्यामुळं त्याची पोरगी जिवंत होती, तिच्याच विरुद्ध त्यानं सही केली आणि घरी येऊन निमूटपणे जेवला. मी ताट त्याच्यापुढून ओढून घेतलं.

“तुमाले उतार समजत नाई?”

“समजते.”

“मंग?”

“कौसल्या, मले कायम व्हायचं हाय.”

मी खूप बोलले. भांडी आपटली. दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. पण कागद घेऊन कचेरीची पायरी काही चढले नाही, हेही लिहिलं पाहिजे.

त्या जबाबानं हुस्नाबीला तुरुंग झाला नाही. त्यापेक्षा वाईट झालं. बाजारात बायका तिच्याकडून बांगड्या भरून घ्यायच्या आणि लेकराला मात्र ओढून मागं घ्यायच्या. पुढच्या दिवाळीला तिच्यामागं एकही बिऱ्हाड निघालं नाही. शाळेची सहल माहूरला गेली ती एका गुरुजींसोबत, मोटारीनं. ती कोणाच्या ओट्यावर टेकली की लोक आधी पाण्याचा विषय काढायचे. हिनं पहिल्यांदा भांडून पाहिलं, मग गप्प राहू लागली. हुस्नाबी गप्प, हे दिग्रसनं कधी पाहिलं नव्हतं.

मी सातवी शिकलेली आहे. शेवटी मीच अर्ज लिहिला. उतार म्हणजे काय, ती काय म्हणाली, आम्ही कसे गप्प राहिलो, सगळं खरं खरं, दोन पानं. खाली माझं नाव. वरच्या कचेरीच्या पत्त्यावर टाकला आणि त्याची नक्कल घेऊन हुस्नाबीच्या घरी गेले. मला वाटलं होतं, ती मला पोटाशी धरेल.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “साहेबाले माही बोली समजली नाई, पोरी. त्याचा मले राग नाई. तुमाले समजलती.”

“म्हणून तं लिवलं, मावशी.”

“कवा लिवलं?”

“मागच्या आठवड्यात.”

“अन् तुहा मालक कायम कवा झाला?”

खोटं बोलता आलं असतं, पण दिग्रस लहान गाव आहे, तिला माहीत होतं.

“त्याच्या आधीच्या आठवड्यात,” मी म्हणाले.