माझ्यासाठी उपाशी बसलेल्या बायका

मी भाजीवाली आहे. बी.ए. झालेली, पण भाजीवालीच. पवनारला धामच्या काठानं आमचं वावर आहे. वांगी, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर) पिकवायचं काम आमच्या यांचं आणि वर्ध्याच्या बाजारात बसून ते खपवायचं माझं. बाजारात बसणाऱ्या बाईची जीभ मऊ राहत नाही. कोणी टमाटे दाबून पाहायला लागलं की मी सरळ म्हणते, "घ्यायचे तर घ्या, त्याइची मालिश नका करू." घरातही माझा तोंडाचा पट्टा असाच. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या तोंडाले लगाम नाई," आणि ते खरंच होतं.

तर अशा माझ्या मानेत गाठी आल्या. तपासल्यावर कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरा होण्यासारखा आहे, पण केमो पूर्ण घ्यावी लागेल. सुरुवातीचे डोस झाले आणि माझं खाणंच बंद पडलं. भाताचा घास तोंडात घातला की लोखंड चाटल्यासारखं लागे. पोळीचा नुसता वास आला तरी उलटी. सासूबाईंनी ज्वारीच्या कण्या केल्या, अंबाडीची भाजी केली, मुगाचं पाणी केलं, सगळं करून पाहिलं. एकदा त्यांनी चमचा अगदी ओठांशी आणला तेव्हा मी वाटी भिरकावली. वरण भिंतीवर उडालं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या फडकं घेऊन भिंत पुसत बसल्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बघून चष्मा काढला. म्हणाल्या, "वजन असंच उतरत राहिलं तर मला पुढचा डोस देता येणार नाही. तुमच्या शरीराला झेपणार नाही. आणि मध्येच थांबलो तर गाठी परत उठतील. काहीही करा, पण खा." काहीही करा म्हणे! येताना ऑटोत आमच्या यांनी माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत या माणसानं कधी माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं. त्या धरलेल्या हातानंच मला जास्त भीती वाटली. आपण मरणार आहोत आणि हे सगळ्यांना कळून चुकलंय, असं वाटलं.

बाजारातली माझी जागा रिकामी दिसू लागली तशी एक गिऱ्हाईकबाई चौकशी करत करत घरी आली. वर्ध्याचीच, ख्रिस्ती, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. तिचं आणि माझं बाजारात कधी पटलं नव्हतं. ती दोन काड्या सांबार वरून मागायची आणि मी हटकून नाही म्हणायची. बस पकडून ती पवनारला आली, खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आता दुसरीकडून भाजी घेते बाई. पण भांडायला मजा येत नाही." मला हसू आलं. गाठी आल्यापासून मी हसलेच नव्हते. तेव्हापासून मी तिला मावशी म्हणते.

निघताना मावशीनं विचारलं, "प्रार्थना करू का तुझ्यासाठी?" मी फाडकन म्हटलं, "करा. देवाला ऐकायचं असतं तर एव्हाना ऐकलं असतं." ती रागावली नाही. तिनं माझ्या डोक्यावरचा स्कार्फ जरा मागे सारला आणि तळहात टेकवला. केस गेल्यापासून त्या डोक्याला कोणी हात लावला नव्हता, मीसुद्धा नाही. आणि मग ती येशूशी अशी बोलली, जसा तो तिथंच पायरीवर बसलाय. "प्रभू, ही भल्ली भांडखोर आहे. हिला आम्हाला परत दे. बाजार सुना झाला." एवढंच. मी धो धो रडले. किती दिवसांचं साचलेलं होतं कोण जाणे.

ती गेल्यावर सासूबाई दारातून म्हणाल्या, "धरम बदलवाले आलती का वं थे?"

"नाई आई, सांबार मागाले आलती."

सासूबाईंनी नाक मुरडलं, पण मावशी पुन्हा आली तेव्हा तिच्यासाठी चहा आधीच ठेवला होता.

मावशी येत राहिली. ज्यांना कोणी शिवत नव्हतं अशा आजाऱ्यांना येशू कसा हात लावायचा, ते ती सांगायची आणि मी ऐकायची. ती नसली की मीही त्याच्याशी बोलू लागले. हात जोडून गोड बोलणं मला जमत नाही. मी बाजारातल्यासारखंच बोलायची. माझ्याच मानेत काऊन? गावात दुसरी मान नव्हती? भांडून भांडून थकले की शांत वाटायचं. कोणीतरी सगळं ऐकून घेतलंय आणि तरी उठून गेलं नाही, असं वाटायचं. माझी भीती कमी झाली, हे मी शपथेवर सांगेन. पण घास काही गिळवत नव्हता. वजनाचा दिवस जवळ येत होता.

अशात मावशी म्हणाली, "या शुक्रवारी माझ्या घरी उपास प्रार्थना आहे, तुझ्यासाठी. जमलं तर येजो." मी घरी सांगितलं. सासूबाई सगळं ऐकून स्वयंपाकघरात गेल्या. शुक्रवारी सकाळी पाहते तर तीनपुडी डबा तयार. एका पुडात साबुदाण्याची उसळ, एकात भगर, एकात दाण्याची आमटी. "आई, हे कशाले?" तर म्हणाल्या, "लोकाइच्या घरी उपास हाय ना? मंग खाली हातानं जाशील का? सगळ्याइले पुरते पाह्य." आता आमच्याकडे उपास म्हणजे हेच. उपासाच्या दिवशी चूल उलट जास्तच पेटते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मावशीच्या घरी सतरंजीवर आठ-दहा बायका बसल्या होत्या. आधी गाणं झालं, मग प्रार्थना. दुपार झाली तशी मी आपला डबा मधोमध ठेवला, उघडला आणि म्हटलं, "घ्या. उसळ गरम आहे अजून." कोणीच हात पुढे केला नाही. दाण्याचा वास खोलीभर पसरला. एक पोक्त बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग दुसरी. मावशी म्हणाली, "अगं, आमच्या उपासात काही खात नाहीत. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही."

माझा चेहरा असा पडला! लाज वाटली की माझं डोकं तापतं. मी झाकण आपटून लावलं. "आधी सांगता येत नव्हतं का? आणि नाही खायचं ना? ठीक आहे. मीही नाही खात. उपाशी राहायला मला कोण शिकवणार? महिनाभर तेच तर करून राह्यली."

तेव्हा मावशी चिडली. एवढ्या वर्षांत, एवढ्या भांडणांत मी तिला अशी चिडलेली पाहिली नव्हती. "तू नाही! उपास आमचा आहे, तुझा नाही. आम्ही सकाळपासून कशासाठी बसलोय? तुझ्या पोटात अन्न जावं एवढ्यासाठी. आम्ही मागतोय ना त्याला, मग तू खायला नको? उघड तो डबा."

मी डबा उघडला. त्या सगळ्या उपाशी बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्यासमोर खायचं. एका पोरीच्या पोटात गुडगुडलं, ते सगळ्यांनी ऐकलं आणि ती ओशाळली. मी चमचाभर उसळ तोंडात घातली. लोखंडच लागलं. थुंकावंसं वाटलं. पण समोर त्या बायका डोळे मिटून पुटपुटत होत्या आणि कोणाच्याही ओठाला पाण्याचा थेंब नव्हता. मी मनात म्हटलं, येशू, यांची तरी लाज राख. आणि गिळलं. ते पोटात राहिलं. मग दुसरा चमचा. तासभर लागला असेल, पण एक पूड मी संपवलं. उलटी झाली नाही. मावशीनं माझं तोंड पदरानं पुसलं, लहान लेकराचं पुसतात तसं.

लोक मला विचारतात, औषधानं बरी झाली की प्रार्थनेनं? गाठी औषधानं गेल्या. मी काही येडी नाही. पण औषध सोसायला अंगात जीव लागतो, तो मला त्या सतरंजीवर मिळाला आणि येशूनंच दिला. माझ्या जेवणासाठी दुसरं कोणी उपाशी बसतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यानंतर घरीसुद्धा जेवताना मला त्या बायका दिसायच्या आणि घास खाली उतरायचा. रोज थोडा थोडा.

घरी मी हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाई डबा घासत होत्या. "परक्या बायका? पाणीबी नाई पेल्या?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि डबा आणखी जोरानं घासू लागल्या. मला वाटलं, साबुदाणा वाया गेला म्हणून नाराज आहेत.

वजनाच्या दिवशी त्या पहिल्यांदाच दवाखान्यात आल्या. हे मिरच्या तोडायला मजूर लावून अडकले होते. मी काट्यावर चढले. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, पुन्हा एकदा उतरवून चढवलं आणि म्हणाल्या, "वाढलंय. चला, आज सलाईन लावू." मी धावतच बाहेर आले, म्हणजे मला धावता येत होतं तेवढी. सासूबाई बाकावर भिंतीला डोकं टेकवून बसल्या होत्या. ओठ कोरडे पडलेले, तोंड उतरलेलं.

"आई, का झालं? चक्कर येऊन राह्यली का?"

"वाढलं का?" त्यांनी विचारलं.

"वाढलं. डोस देतात म्हणे."

"मंग पाणी दे मले."

मी बाटली काढली. "सकाळपासून पाणी नाई पेल्या तुम्ही?"

"काल जेवल्यापासून. थ्या बायकाइसारखाच उपास धरला, आपल्यावानी नाई." त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली, पण लगेच तोंडाला लावली नाही. "तुह्या येशूले म्हटलं, मले तुही प्रार्थना येत नाई बावा. माही सून जेवली पायजे, एवढंच समजते मले."