न तापवलेलं तांबं

"ही पट्टी तापवली कुणी?" मी विचारलं.

"कुणीच नाही, मावशी. तापवायची नाही, हाच तर नियम आहे," वैदेही म्हणाली.

ती कोथरूडच्या एका कंपनीत इंजिनिअर. मी कसबा पेठेत तांब्याची भांडी ठोकते. शाळा चौथीपर्यंत, हातोडा चाळीस वर्षं. वाकलेल्या पट्ट्या सरळ करून घ्यायला ती आली होती.

मी पट्टी ऐरणीवर आपटली. आवाज बद्द. ठोकून कडक केलेलं तांबं खणखणीत वाजतं, भट्टीतून आलेलं असं बद्द.

वैदेहीने समजावलं. तांब्याच्या आत रव्यासारखे दाणे असतात. तिच्या कंपनीने ते दाबून दाबून इतके बारीक केले होते, की केसाच्या जाडीत हजारभर मावतील. त्याला नॅनो म्हणतात. दाणे बारीक, तेवढं तांबं कडक. उष्णता लागली की दाणे वाढतात आणि तांबं मऊ पडतं. दाणे सोडले तर हे सगळं मला माहीत होतं.

पट्ट्या स्विचसाठी होत्या. दाबून सोडल्या की उसळायला हव्यात. या वाकून तशाच राहायच्या. सोमवारी क्लायंट येणार होता. त्याला पटलं नाही, तर वैदेहीचं तीन वर्षांचं काम बंद.

"सरळ केल्या तरी पुन्हा वाकतील. भट्टी नाही, तर उरलं कापणं. कापता कुठे ते दाखव," मी म्हणाले.

लॅबमध्ये तिचे साहेब म्हणाले, "वा! आता नॅनोचा रिपोर्ट कसबा पेठ देणार?"

"रिपोर्ट तुम्ही लिहा. मी बघते."

पट्टी फिरत्या चकतीने कापत होते. कापली की लगेच पॉलिश, त्यामुळे काळवंडलेली कड कुणाला दिसतच नव्हती. आणि सगळ्यांच्या हातात जाड ग्लोव्हज.

"साहेब, ग्लोव्ह काढा आणि आत्ता कापलेली पट्टी धरा."

त्यांनी धरली आणि चटका बसताच टाकली.

"तापवत नाही म्हणता ना?"

वैदेहीने कपाळावर हात मारला.

मग मी तिथेच बसले. बारीक दातांची करवत, वरून पाण्याची धार, मध्ये मध्ये थांबायचं. दुपारपर्यंत सहा नव्या पट्ट्या कापून झाल्या. वैदेहीने एक दाबून सोडली. टणकन उसळली.

सोमवारी क्लायंटने सहाही स्वतः दाबून पाहिल्या आणि पुढच्या कामाला होकार दिला. साहेबांनी पाण्यात कापणारं मशिन मागवलं. ते येईपर्यंत कापणारी मीच. रिपोर्टमध्ये माझं नाव आहे. इंग्रजीत आहे, म्हणून वैदेहीकडून दोनदा वाचून घेतलं.

तापवत नाही असं सांगण्याआधी हात लावून बघावा.