मोकळ्या हातानं

हातातली पत्त्यांची पानं ती कधी टाकायची नाही, ठेवायची. दोन बोटांनी उपडी पुढे सरकवायची आणि हळूच म्हणायची, "रिजेक्ट." तुम्ही तिला फक्त टीव्हीवर पाहिलं असेल तर हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. टीव्हीवर ती लाल कोट घालून टेबलावर मूठ आपटायची आणि सगळे पैसे एका डावाला लावत "सगळं मध्ये!" म्हणून ओरडायची. ती मूठ तिची नव्हती आणि ते ओरडणंही तिचं नव्हतं. हे आधी सांगून टाकते, नाहीतर माझं डोकं मला पुढचं काही सांगू देणार नाही.

शिरवळला औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी एका बाकावर होतो. समोर दिवा लावलेला पांढरा पडदा, आणि त्याच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या. कुठे तडा, कुठे बुडबुडा दिसला की बाटली उचलून लाल क्रेटमध्ये ठेवायची, एवढंच काम. मी मूळची तोंडाळ. एखादी बाटली मला फेकवायची नाही, मी म्हणायचे, "अगं, बरी दिसते की ही. जाऊ दे पुढं."

ती म्हणायची, "आक्का, नुसती बरी दिसतीया. रिजेक्ट."

ती पाटणची. आई लहानपणीच गेलेली, घरात ती आणि अब्बा. अब्बांचं बाजारपेठेत छत्रीदुरुस्तीचं दुकान, आणि दुकानाच्या मागेच घर. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस तुम्ही अनुभवला असेल तर त्या धंद्यावर एक लेक कशी वाढवता येते, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

सुट्टीच्या दिवशी आम्ही बायका तिच्या भाड्याच्या खोलीवर पत्ते खेळायचो. पैसे कुणाकडे होते? चिंचोके लावायचो. ही बया डावामागून डाव पानं खाली ठेवायची. आम्ही तिला भित्री म्हणायचो, खिदळायचो, आणि संध्याकाळी बघावं तर सगळे चिंचोके हिच्या पुढ्यात. एकदा मी भांडलेच तिच्याशी, तुला कळतं कसं म्हणून. म्हणाली, "चांगलं पान आलं की तू बांगड्या मागं सारतीस." पुढच्या रविवारी मी बांगड्या काढून खेळायला बसले. माझ्याकडे बघून तिनं लगेच पानं ठेवली. "बांगड्याच काढून बसलीस, म्हंजे आज लयच जिंकायचं हाय तुला. मी न्हाई बाबा."

पुढे मोबाईलवर तिला पोकर सापडला. दोन पानं आपल्या हातात, पाच सगळ्यांची मिळून टेबलावर, आणि समोरचा खरं दाखवतोय की सोंग करतोय ते ओळखायचं. मला त्यातलं एवढंच कळतं. तिला सगळं कळलं. आधी फुकटच्या स्पर्धा, मग गोव्याला कॅसिनोच्या जहाजावरच्या टेबलावर. मग एक दिवस तिनं बाकावरचा आपला चष्मा उचलला, मला मिठी मारली आणि नोकरी सोडली. जुगारावर कुणी पोट भरतं का, म्हणून मी तिला खूप बोलले. ती म्हणाली, "आक्का, त्या टेबलावर लोकं धा डावांतलं आठ डाव खेळत्यात. मी दोन खेळते. आठ रिजेक्ट. हितंबी त्येच करत हुते की."

पहिल्या मोठ्या स्पर्धेत जिंकली तेव्हा तिनं काय करावं? भला मोठा फ्रीज घेतला, टेम्पोत घातला आणि पाटणला अब्बांच्या दारात नेला. मी टेम्पोत पुढे बसले होते, म्हणून हे बघितलेलं सांगते. अब्बांनी टेम्पोवाल्याला पाणी दिलं, चहा पाजला आणि फ्रीज उतरू दिला नाही. आवाज चढवला नाही की कपाळाला आठी घातली नाही. लेकीला म्हणाले, "बेटी, ह्यो पैसा आमच्यात चालत न्हाई. तुझ्या खेळाचा पैसा या घरात येणार न्हाई. पर तू कवाबी ये. मोकळ्या हातानं ये, पर ये." मग आम्हाला बसवून त्यांनी माशाचं कालवण वाढलं, आणि तिच्या ताटातले काटे स्वतः काढून दिले. एवढ्या मोठ्या घोडीचे काटे!

फ्रीज माझ्या घरी आला. अजून चालू आहे. माझे मालक फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी त्यातलं गार पाणी प्यायला लागले. अब्बा भेटले की मला आधी विचारायचे, "फ्रीज बरा चाललाय न्हवं?"

त्यानंतर तिची एक रीतच पडली. पुण्याहून गाडी घेऊन यायची, गाडी माझ्या अंगणात लावायची, पर्स, घड्याळ, मोबाईल माझ्या कपाटात ठेवायची. कारखान्यातला जुना ड्रेस आणि जुन्या चपला घालायची आणि एसटीनं पाटणला जायची. तिकिटाचे पैसेसुद्धा माझ्या कारखान्याच्या पगारातले मागून घ्यायची. "बाटल्यांचं दे, आक्का." आपल्याकडे माहेरी कुणी मोकळ्या हातानं जात नाही, निदान केळी तरी नेतात. हिनं मोकळे हात न्यायचे, असा त्या बापलेकीचा करार होता. दोघंही त्यात सुखी होती. तुम्हाला-मला त्यात बोट घालायचं काही कारण होतं का? नव्हतं.

कारण टीव्हीवाल्यांना होतं.

आधी ती पत्त्यांच्या सामन्यांवर बोलायला टीव्हीवर बसायची, तोवर ठीक होतं. नीट बोलायची, समजावून सांगायची. मग तिला त्या कार्यक्रमात घेतलं, ज्यात नामांकित माणसांना एका बंगल्यात कोंडून भांडायला लावतात. तिथे तिचं नाव 'वाघीण' ठेवलं, लाल कोट चढवला, मूठ आपटायला शिकवली. आणि वाघिणीला एक दुःख पाहिजे म्हणून दोन गाड्या भरून माणसं पाटणला आली. घर दाखवायला मला बरोबर घेतलं होतं.

काय तो तमाशा! दुकानाचा नवा रंगवलेला बोर्ड उतरवायला लावला. अब्बांना दिव्याखालून उठवून अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं. कानाला यंत्र लावलेली एक मुलगी त्यांना म्हणाली, "चाचा, जरा आभाळाकडे बघा ना."

अब्बा म्हणाले, "पाऊस न्हाई आज."

मग तिनं विचारलं, मुलीच्या कमाईबद्दल काय वाटतं? अब्बांनी टेम्पोपाशी सांगितलं होतं तेच सांगितलं. अगदी तसंच, शेवटपर्यंत. "पर तू कवाबी ये" हे म्हणताना ते हसलेसुद्धा. मी समोर उभी होते. माझ्या या कानांनी ऐकलं. मलाही पुष्कळ विचारलं, आणि मीही सोडते की काय, भरपूर बोलले.

तो भाग लागला तेव्हा आम्ही घरचे सगळे बसून बघत होतो. ढोल वाजले. अब्बांचा चेहरा आला, काळानिळा केलेला. "तुझ्या खेळाचा पैसा या घरात येणार न्हाई." हे एकदा समोरून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आणि पुढचं? पुढचं कापलं. त्याऐवजी एक दार धाडकन बंद झालेलं दाखवलं. ते दारही त्यांचं नव्हतं! अब्बांच्या दुकानाला शटर आहे. कुठल्या तरी वाड्याचं कडीकोयंड्याचं दार आणून लावलं होतं, आणि खाली अक्षरं, 'बापानं घराबाहेर काढलं.' माझ्या एवढ्या बोलण्यातली नुसती मान हललेली दाखवली, म्हणजे मी त्या खोट्याला होकार देतेय असं दिसावं. मी रिमोट फेकून मारला. मालक म्हणाले, "टीव्ही आपला हाय." मी म्हटलं, "असू दे."

मला वाटलं होतं, गावात लोक ओळखतात त्यांना, गाव तरी नीट वागेल. गावानं काय केलं सांगू? गावानं सत्कार केला! एक पुढारी चार कार्यकर्ते घेऊन दुकानात आला आणि छत्र्यांच्या काड्यांत बसलेल्या त्या माणसाच्या अंगावर शाल टाकून, हातात नारळ देऊन फोटो काढला. 'आदर्श पिता.' लेकीला घराबाहेर काढलं म्हणून आदर्श! दुसऱ्या बाजूनं, बाया दुकानासमोरून जाताना तोंड फिरवायला लागल्या, दगडाच्या काळजाचा म्हणून. अब्बा दोन्हीकडच्यांना सांगायचे, "आवं, मी काढलं न्हाई. ती येती की." कुणी ऐकतंय होय! "मग टीव्हीवर दाखवलं ते काय खोटं हाय व्हय, चाचा?" एका बापानं उभ्या जन्मात कमावलेलं बोलणं असं अर्ध्यात तोडून बाजारात विकलं, आणि घेणाऱ्यांची रांग लागली.

पण माझा खरा राग तिच्यावर होता.

ती बंगल्यातून बाहेर आली तेव्हा मी फोन केला. म्हटलं, "सांग त्यांना, हे खोटं आहे म्हणून."

"आक्का, लिहून दिलंय मी. त्येंचा पुढचा कार्यक्रम होईस्तोवर घरच्या गोष्टीवर बोलायचं न्हाई, चारचौघांत अब्बाबरुबर दिसायचंबी न्हाई. बोलले तर काढत्यात, वर कोर्टात खेचत्यात."

"मग खेचू दे."

"आनि बोलून तरी काय? आता घरी गेले तर लोकं अब्बाला खोटा म्हनतील. म्हनतील, शाल घेतली आनि पोरगी घरात घेतली."

मी फोनवर ओरडले. म्हटलं, "जन्मभर पानं खाली ठेवलीस ना गं? आणि हे एक घाणेरडं पान तेवढं छातीशी धरून बसलीस? समोरच्याचं सोंग तुला मैलावरून दिसतं म्हणे. आता अंगातला लाल कोट दिसेना होय तुला?" मीच फोन ठेवला.

त्या वर्षी ईदला ती आली नाही. नोकरी सोडल्यावरसुद्धा एक ईद तिनं चुकवली नव्हती. मी नेहमीसारखी पाटणला गेले होते. अब्बांनी मला शिरखुर्मा दिला. एक वाटी ताटलीनं झाकून बाजूला ठेवलेली होती. दुपार झाली, येणारे येऊन गेले, वाटीवरची ताटली तशीच. मी उठले तेव्हा अब्बा म्हणाले, "तिला सांग, मोकळ्या हातानं ये म्हनलं हुतं. येऊच नगं असं न्हवतं म्हनलं." आणि मग त्या माणसानं, ज्याला मी कधी डोळ्यांत पाणी आणताना बघितलं नव्हतं, तोंड फिरवून एक छत्री उगीच उघडली आणि मिटली.

मी स्टँडवर येऊन तिला फोन लावला. ख्यालीखुशाली विचारली नाही. अब्बांचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं आणि म्हटलं, "हे कुणी कापलेलं नाही, पुरं ऐक."

पाटणच्या पुढच्याच बाजाराच्या दिवशी सकाळी तिची गाडी माझ्या अंगणात लागली. मी नुसतं कपाट उघडून दिलं. तिनं पर्स ठेवली, घड्याळ ठेवलं, मोबाईल ठेवला. जुना ड्रेस, जुन्या चपला. "बाटल्यांचं दे, आक्का," म्हणाली. पैसे दिले आणि मीही एसटीत बसले. माझा तिच्यावर भरवसा नव्हता, वाटेत उंब्रजला उतरून पळाली असती.

त्या दिवसानंतर तुम्ही तिला टीव्हीवर बघितलेलं नाही. टीव्हीवाल्यांचा करार मोडला म्हणून तिला कार्यक्रमातून काढलं, आणि कोर्टाचं अजून चाललंय. खेळते ती अजून, पण परदेशात कुठेतरी, जिथे तिला कुणी वाघीण म्हणत नाही. म्हणून शेवटचं दिसलं ते सांगते.

स्टँडपासून ती दोन्ही हात मोकळे सोडून भर बाजारातून चालत निघाली. भाजीवाल्यांनी ओळखलं. "वाघीण आली रं!" झालं, माणूस तिथं मोबाईल. आमच्या मागून घोळका, पुढून घोळका. सगळ्यांना ते दार धाडकन बंद झालेलं बघायचं होतं. मी दोघातिघांचे मोबाईल हातानं खाली दाबले, शिव्या दिल्या, पण मी एकटी कुठवर पुरणार?

अब्बा दुकानात पकड घेऊन बसले होते. त्यांनी वर बघितलं. ती शटरपाशी उभी राहिली, पायरी चढेना. एकजण मोबाईल पार त्यांच्या नाकासमोर धरून म्हणाला, "बोला चाचा, आता काय करनार? घेनार का आत?"

अब्बा उठले. मागच्या खिळ्याला शेतकरी नेतात तसली लांब दांड्याची मोठी काळी छत्री टांगलेली होती, ती काढली. लख्ख ऊन पडलेलं. त्यांनी लेकीच्या दंडाला धरून तिला पायरीवर बसवलं, शेजारी स्वतः टेकले, आणि छत्री उघडून आडवी धरली, आमच्या सगळ्यांच्या तोंडासमोर.

छत्रीखाली फक्त चार पाय दिसत होते. दोन भेगाळलेले, दोन कारखान्यातल्या जुन्या चपलांतले.

छत्रीआडून आवाज आला, "मोकळ्या हातानं आलीस न्हवं?"

"व्हय, अब्बा."

"मग जेवून जा."