हर्नियाचं बाळंतपण

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर मी रीतसर बाळंत झालो.

ऑपरेशननंतर लाड करून घ्यायचे असतील, तर माझा पहिला सल्ला: लाड कोण करणार, हे आधी बघून ठेवा. माझे लाड करणारी शालन, माझी बायको, गेल्या वर्षी गेली. मला साधा ताप आला तरी ती उशाशी बसून मोसंबी सोलायची, निम्म्या फोडी स्वतः खायची आणि वर म्हणायची, "पेशंटला जास्त देऊ नये!" ती गेली तेव्हा मी रडलो नाही. नंतरही नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. (खंबीर कसला! आत सगळं गोठून गेलं होतं.)

दवाखान्यातून सिडकोतल्या घरी आलो, तर नांदगावहून आक्का हजर. माझी थोरली बहीण. घराण्यातली सगळी बाळंतपणं तिनंच काढली, पण हर्निया तिच्या हाताखालून कधी गेला नव्हता. तिनं फार विचार केला नाही. पोटाला टाके आहेत ना? मग बाळंतपणच!

माझ्या कानांत कापसाचे बोळे गेले. डोक्याला पांढरं फडकं आवळलं गेलं. दिवाणाखाली ओवा-शेपांची धुरी सुरू झाली.

"आक्का, डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नाही गं!"

"डॉक्टर कधी बाळंत झालाय का?"

"मी तरी कुठं झालोय!"

"गप पडून ऱ्हा. वारं शिरलं तर जन्माचं दुखणं लागंल."

दुसरा सल्ला: अशा बहिणीच्या हाती मोबाइल असेल तर झोपू नका. दुपारी माझा डोळा लागला. आक्कानं कौतुकानं फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिला टाइप करता येत नाही, म्हणून नुसताच फोटो. गळ्यापर्यंत पांढरी चादर, कानांत कापूस, मिटलेले डोळे आणि भोवती धूर! मग "बाळंतिणीनं फोनकडं बघू नये, डोळे जात्यात" म्हणून तिनं दोघांचेही फोन बंद करून ठेवले.

संध्याकाळी मी डिंकाचा लाडू खात बसलो होतो. आक्का आत पेज ढवळत होती. जिन्यात बायकांनी हंबरडा फोडला होता म्हणे, पण कापसामुळे मला काहीच ऐकू आलं नाही. एकदम दारात पांढऱ्या टोप्या, पांढरी लुगडी, आणि सगळ्यांत पुढे हार घेऊन माझा चुलतभाऊ दत्तू! जीप भरून नांदगाव आलं होतं. 

"कोण गेलं रे?" मी लाडू खाली ठेवून, कानांतले बोळे उपसत विचारलं.

"तू!" दत्तू म्हणाला.

मग जो गोंधळ उडाला! कुणी आत जाऊन आक्कावर ओरडत होतं, कुणी हार लपवायला जागा शोधत होतं. एका काकूंनी तर खात्री करायला मला चिमटाच काढला. (चांगला जोरात. काळानिळा डाग राहिला.)

दत्तू मात्र माझ्याजवळ बसला. माझा हात घट्ट धरून म्हणाला, "आबा, वहिनी तर गेली. तू तरी हायेस रे!"

आणि मी फुटलो. वर्षभर अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. शालनचं नाव घेऊन घेऊन रडलो. टाके ओढत होते, तरी थांबता येईना. मंडळी तर रडायच्या तयारीनंच आली होती. तीही शालनच्या आठवणी काढून रडू लागली. ते ऐकून शेजारी धावले. त्यांना वाटलं, आता मी खरोखरच गेलो.

तेवढ्यात आक्का पेजेचं वाडगं घेऊन बाहेर आली. तिचेही डोळे वाहत होते, पण आवाज खणखणीत.

"बास कर, आबा! वल्ल्या बाळंतिणीनं रडू नाय. दूध आटतं!"

मी रिटायर्ड हेडक्लार्क. वय सत्तर, मिशा पांढऱ्या. तरी झटकन डोळे पुसले. उगाच जोखीम कशाला!