तात्यांचा पट्टा

चूक माझीच. डॉक्टरांनी विजार खाली करायला सांगितली आणि कमरेला हर्नियाचा पट्टा निघाला.

हर्निया मला कधीच नव्हता. मधुमेहामुळे लिंगाने कायमचा संप पुकारला, म्हणून पाच महिन्यांपूर्वी तिथे ताठपणासाठी रॉडचं इम्प्लांट बसवून घेतलं. वाडीत हे सांगणार कसं? हर्निया सांगितलं. शेजारच्या तात्यांनी आपला जुना पट्टा मायेने आणून दिला. तो मी रोज बांधायचो. अंगणात चारचौघांना दिसेल असा. त्या दिवशी तोच बांधून लांज्याहून रत्नागिरीच्या दवाखान्यात तपासणीला आलो. बायको सोबत होती. आत येते म्हणाली. मीच तिला बाहेर बाकावर बसवलं.

आत मी पडद्यामागे; पडद्यापलीकडे पुढचे तीन पेशंट आधीच बसलेले. डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "अहो, तुम्हाला रॉड बसवलाय. हर्निया कुठला?"

पडद्यापलीकडे कोणी तरी फिसकन हसलं.

मी हळू आवाजात सांगितलं. टोक बधिर आहे. तरी कापड लागलं की मिरची चोळल्यासारखं जळतं. लुंगीसुद्धा सोसत नाही.

"ताठ राहतं ना? मग झालं. या वयात हौस केलीत, आता सोसा."

पलीकडे हशा. आणि मीही हसलो. सगळ्यांहून मोठ्याने. शाळेत तीस वर्षं क्लार्क; साहेब हसले की हसायचं, एवढं अंगात मुरलेलं.

विजार वर ओढली. कापड लागलं. जळलं. हसू तिथेच थांबलं. माझं शरीर, आणि त्याला मीच हसतोय.

पडदा सरकवला. हसणाऱ्यांच्या समोरच म्हणालो, "केसपेपरवर लिहा. ऑपरेशनपासून बधिरपणा, जळजळ. आणि नसांच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्या."

"लिहून काय होणार?"

"पेशंट काही बोललाच नाही, असं उद्या कोणी म्हणायला नको. लिहीपर्यंत मी इथून हलत नाही."

बाहेर रांग खोळंबली. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, केसपेपरही लिहिला. मी वाचून पाहिलं. बधिरपणा गाळला होता. तोही लिहायला लावला. क्लार्कपणा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामी आला.

परतीच्या एसटीत बायकोला सगळं सांगितलं. हातखंब्याच्या फाट्यावर तिने केसपेपर मागून वाचला. मग म्हणाली, "पट्टा आज तात्यांना परत द्यायचा. कशाचं ऑपरेशन ते तुम्हीच सांगायचं. तुमच्यासाठी पाच महिने खोटं बोलले, आता नाही बोलणार. आणि पुढच्या डॉक्टरकडे मी बाकावर बसणार नाही."